बारा नंबरची जागा

बाराव्या ओळीत अनघाचा हात थांबला.

समोरच्या स्क्रीनवर विमान कंपनीला पाठवायची यादी होती. चौदा प्रवासी, नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, राष्ट्रीयत्व. हा तक्ता अनघानेच अकरा वर्षांपूर्वी बनवला होता आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'जपान' आधीच भरून ठेवलं होतं. टोकियोतल्या त्या पाच माणसांच्या ट्रॅव्हल कंपनीची सगळी गिऱ्हाइकं जपानीच असायची, मग दर खेपेला तेच तेच कोण टाइप करत बसणार? पण या खेपेला बारावं नाव तिचं स्वतःचं होतं. अनघा सुशील केळुसकर, राष्ट्रीयत्व जपान.

तिला हसू आलं. बावीस वर्षं या देशात काढली, नवऱ्याने फायली काखोटीला मारून रहिवासाच्या कार्डासाठी इतक्या रांगा लावल्या, आणि इथे एका तक्त्याने बसल्या जागी नागरिकत्व देऊन टाकलं. हसत हसतच तिने 'जपान' पुसून 'भारत' लिहिलं, आणि मग तिचं हसू जागच्या जागी वाळलं.

तिने खणातून शिओरी काढली. शिओरी म्हणजे सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाला द्यायची छोटी पुस्तिका. कुठे कितीला जमायचं, कोणत्या गल्लीत किती पायऱ्या, सावलीतला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, सगळं त्यात असतं. या कंपनीच्या अभ्याससहलींच्या शिओऱ्या अनघा करायची, आणि त्यांचा लौकिक होता. परत आलेल्या लोकांकडून ती खोदून खोदून विचारून घ्यायची, की कठडा डाव्या हाताला होता की उजव्या. माल्टा बेटावर ती कधी गेली नव्हती, पण तिथल्या राजधानीच्या गल्ल्या तिला आपल्या सोसायटीच्या जिन्यांसारख्या पाठ होत्या. त्या माल्टाच्या शिओरीचं तिसरं पान तिने उघडलं. तिनेच लिहिलेली ओळ ठळक अक्षरांत तिच्याकडे बघत होती : 'व्हिसा : लागत नाही.'

जपान्यांना लागत नाही. तिला लागतो. आणि निघायला दहा दिवस उरले होते.

कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याचंही एक कारण होतं. जपानी पासपोर्ट दहा वर्षांचा घेतला तर लाल मिळतो, पाच वर्षांचा घेतला तर निळा. ही सहल एका इतिहास-अभ्यासमंडळाची होती, आणि मंडळातले निम्मे लोक पंच्याहत्तरीच्या पुढचे. 'दहा वर्षांचा घेऊन करू काय?' असं म्हणत त्यांनी हौसेने निळे घेतलेले. त्या निळ्या गठ्ठ्यात अनघाचा निळा पासपोर्ट निमूट जाऊन बसला होता. परदेशप्रवास म्हणजे तिच्या लेखी पुण्याला जाणं आणि परत येणं, त्याला कुठला आलाय व्हिसा?

ती उठून कुराता-सानच्या टेबलापाशी गेली. कुराता-सान कंपनीचे मालक, आणि सहलीचे म्होरकेही तेच. तिने सांगितलं तसा त्यांनी दातांतून 'स्स्स' करत श्वास आत ओढला. जपानी माणसाने असा श्वास ओढला की समजावं, काम होणार नाही.

"माझी चूक आहे," अनघा म्हणाली आणि कमरेत वाकली.

"नाही, माझी. शेवटची सही माझी असते," असं म्हणून तेही उठून वाकले. दोघं समोरासमोर वाकून उभे राहिले, आणि आधी सरळ कुणी व्हायचं हे दोघांनाही कळेना.

सुशीलने दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि दिवसभर फोनाला चिकटला. संध्याकाळी ओजिमाच्या सरकारी वसाहतीतल्या घरात शिरताना अनघाने त्याचा चेहरा बघितला आणि काही विचारलंच नाही. तोच म्हणाला, "अगं, अपॉइंटमेंटच नाहीये. पहिली मोकळी तारीख आहे ती तुमची फ्लाइट गेल्यावरची. आणि त्यानंतर प्रोसेसिंगला किमान पंधरा दिवस. मी रिक्वेस्ट करून पाहिली, ते बिचारे नीट बोलले, पण रूल इज रूल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? मी आयटीतला माणूस, दिवसभर बँकेचे डेटा चेक करतो, आणि घरात बायको माल्टाला निघालीय तर मला व्हिसा आठवू नये? माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय."

"तुझ्या नको मारूस, माझ्या मार. लोकांना शिकवत होते मी अकरा वर्षं."

नेत्रा, त्यांची एकोणीस वर्षांची लेक, कॉलेजातून येऊन दारातच बूट काढत होती. तिने दोघांची तोंडं बघितली. "मम्मा, दाइजोबु? ठीक आहेस ना? नेक्स्ट इयर जाऊ ना आपण. फॅमिली ट्रिप."

अनघाने मान हलवली. तिला माल्टा हुकल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त सलत होतं ते वेगळंच. पुढच्या वर्षी ती जाऊ शकली असती. हायाकावा-सेन्सेई जाऊ शकल्या नसत्या.

हायाकावा-सेन्सेईंना, म्हणजे हायाकावाबाईंना, आता एक्याऐंशी वर्षं झाली होती. अनघा सत्तावीस वर्षांची नवी नवरी होऊन या सरकारी वसाहतीत आली तेव्हा त्या शाळेत इतिहास शिकवायच्या आणि याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. अनघाला जपानीचा 'ज' येत नव्हता. आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिने कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी खाली ठेवली, आणि संध्याकाळी पाहते तर पिशवी तशीच तिथे. वर लाल कागद चिकटवलेला. वाचता येईना, कुणाला विचारता येईना, सुशील रात्रीशिवाय यायचा नाही. ती कांद्याच्या साली आणि दुधाची खोकी भरलेली पिशवी पोटाशी धरून जिन्यात बसली आणि रडली. पुण्याला आईशी फोनवर बोलताना मात्र 'इथे सगळं छान आहे' असं म्हणायची.

तेव्हा ही करड्या केसांची बाई शाळेतून येताना जिन्यात तिच्याशेजारी बसली. तिने पिशवी उघडली. कांद्याची साल उचलून म्हणाली, "मोएरु." म्हणजे जळणारं. डबा उचलून म्हणाली, "मोएनाई." न जळणारं. एकेक वस्तू उचलायची, नाव सांगायचं, अनघाकडून म्हणवून घ्यायचं आणि वेगळी ठेवायची. अनघाचा जपानीचा पहिला धडा असा कचऱ्यात झाला. नंतर आठवड्यातून दोनदा सेन्सेईंच्या जेवणाच्या टेबलावर वही उघडली जाऊ लागली, ती सहा वर्षं. नेत्राला ताप आला तेव्हा डॉक्टरांकडे सोबत सेन्सेई, शाळेतून चिठ्ठी आली की वाचायला सेन्सेई. पार्टटाइम नोकरीसाठी आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे, म्हणजे या कुराता-सानकडे, शब्द टाकला तोही त्यांनीच. आज अनघा टोकियोत ताठ मानेने नोकरी करते, फोनवर गिऱ्हाइकांना दटावतेसुद्धा, ती या बाईमुळे. हे उपकार फेडायची संधी बावीस वर्षांत कधी मिळाली नव्हती. सेन्सेईंना कशाची गरजच पडत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली. पायरीची कड दिसेना. तरीही दर गुरुवारी वॉर्डाच्या सभागृहात त्या इतिहासाचं अभ्यासमंडळ चालवायच्या. यंदा मंडळाने माल्टा घेतला होता. तिथले सरदार, तिथले वेढे, पिरॅमिडांहून जुनी दगडी मंदिरं, सगळं वर्षभर वाचून झाल्यावर प्रत्यक्ष बघायला जायचं ठरलं. सेन्सेईंना जायचं होतं ते आणखी एका कारणासाठी. पहिल्या महायुद्धात जपानी युद्धनौका भूमध्य समुद्रात गेल्या होत्या. तिथे मेलेल्या खलाशांचं स्मारक माल्टाच्या दफनभूमीत आहे, आणि त्या खलाशांत सेन्सेईंच्या आजोबांचा धाकटा भाऊ होता, वीस वर्षांचा. गावाकडच्या थडग्यात त्याने निघताना कापून ठेवलेले केस आणि नखं, एवढंच. शंभर वर्षांत घरचं कुणी तिथवर गेलं नव्हतं.

"अनागा-सान हात धरणार असेल तर मी येते," असं त्यांनी मंडळात जाहीर केलं होतं. अनघाचं नाव त्यांच्या तोंडी नेहमी 'अनागा' व्हायचं. अनघाला त्या दिवशी भरून आलं होतं. शेवटी एकदा त्यांनी काहीतरी मागितलं होतं.

आणि आता अनघा गोड वड्यांचा कागदात बांधलेला खोका दोन्ही हातांत धरून त्यांच्या दारात उभी होती. माफी मागायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं. बोलणं अर्थात जपानीत चाललं होतं, पण अनघाच्या कानाला सेन्सेईंचं जपानी नेहमी घरच्या बोलण्यासारखं लागायचं.

"म्हणजे तू येत नाहीस."

"नाही येऊ शकत. सेन्सेई, मी अकरा वर्षं ती ओळ लिहिली. एकदाही मनात आलं नाही, की ही ओळ माझ्यासाठी नाही."

सेन्सेईंनी खोक्यावरचा कागद सावकाश सोडवला, बोटांनी चाचपत घडी घातली. "मग मीही जात नाही."

"असं नका करू."

"रागावून नाही म्हणत. मला कड दिसत नाही, अनागा-सान. परक्याच्या हातात हात देऊन मी पायरी उतरू शकत नाही, छाती धडधडते. तुझा हात मला ओळखीचा आहे." खोका बाजूला सरकवत त्या म्हणाल्या, "शंभर वर्षं तो एकटा राहिला. राहील अजून."

हे त्या इतकं शांतपणे म्हणाल्या, की रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अनघाला वाटलं. जिना चढून घरी येताना ती मधल्या मजल्यावर थांबली. हाच तो जिना. याच पायरीवर पिशवी उघडली होती. आपल्याला या बाईला एकच गोष्ट द्यायची होती, आणि तीही आपल्या हाताने घालवली.

गुरुवारी मंडळ जमलं. सेन्सेई नेहमीसारख्या पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. अनघा सगळ्यांसमोर उभी राहिली, चूक सांगितली, वाकली. मग तिने सेन्सेईंचा निर्णयही सांगितला.

नोमुरा-सान खाकरले. हे गृहस्थ पन्नास वर्षं टोफूचं दुकान चालवून निवृत्त झालेले, मंडळात झोपा काढायचे आणि जागे झाले की तक्रार करायचे. ते म्हणाले, "तोबान लावा की."

तोबान म्हणजे पाळी. वसाहतीत कचऱ्याची जागा धुवायची पाळी असते, जिना झाडायची असते, गवत काढायची असते. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्याचं काम तुमचं. अनघाने बावीस वर्षांत किती पाळ्या केल्या असतील त्याला गणती नाही.

"कसली पाळी?" सेन्सेईंनी विचारलं.

"तुमच्या हाताची. सकाळी एक, दुपारी एक. आम्ही बाराजण आहोत, आठ दिवस आहेत. कुणावर भार नाही."

"मी कचऱ्याची जागा आहे का, नोमुरा-सान?"

"तेवढ्या जबाबदारीने सांभाळू, असं म्हणायचंय."

सगळे हसले. सेन्सेई हसल्या नाहीत. "पण तुमचे हात मला ओळखीचे नाहीत."

आणि इथे अनघाला सुचलं. ती चटकन म्हणाली, "दहातले सहा दिवस उरलेत. आजपासून ओळख करून घ्या ना. आपल्याच जिन्यावर."

मग पुढचे सहा दिवस ओजिमाच्या त्या इमारतीत जे चाललं ते बघून वसाहतीतल्या लोकांची करमणूक झाली. रोज सकाळ-संध्याकाळ दोन दोन म्हातारे यायचे आणि सेन्सेईंना सरावासाठी वर चौथ्या मजल्यावर नेऊन तिथून हात धरून खालपर्यंत उतरायचे. अनघा ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर खाली उभी राहून सूचना द्यायची. "दंडाला धरू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या. अर्धी पायरी पुढे राहा. कड आली की बोला, ओढू नका." दोन वर्षांत तिच्या हाताला जे कळलं होतं ते तिला पहिल्यांदाच शब्दांत सांगावं लागत होतं. नोमुरा-सानना तिने तीनदा परत वर पाठवलं. ते कुरकुरले, पण गेले.

घरी ती शिओरी नव्याने करायला बसली. एकच प्रत, सेन्सेईंसाठी, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. अकरा वर्षांत लोकांनी भरून दिलेले अभिप्रायाचे कागद तिने सगळे उपसले. कोणत्या गल्लीत किती पायऱ्या, त्यात गुळगुळीत झालेल्या कोणत्या, कठडा कुठे संपतो. दफनभूमीच्या फाटकापासून स्मारकापर्यंत पावलं किती हे एका गिऱ्हाइकाने चारेक वर्षांपूर्वी उगाच लिहून ठेवलं होतं. त्याला तिने मनोमन हात जोडले. सुशीलने पानं छापून आणली, नेत्राने दोऱ्याने शिवली. "मम्मा, हे सगळं तुला न बघता कसं माहीत?" तिने विचारलं.

"बघून आलेल्यांना विचारत गेले. दुसरं काय?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी सेन्सेईंनी ती जाडजूड शिओरी डोळ्यांजवळ नेऊन पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर थांबल्या. तिथे आता लिहिलं होतं : 'व्हिसा : आपला पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते आम्हाला आधी सांगा.'

"जाते मी," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. बारा नंबर कुणाला द्यायचा नाही."

या कंपनीच्या सहलीत प्रत्येकाला एक नंबर असे. प्रत्येक ठिकाणाहून निघताना सगळे रांगेत उभे राहून आपापला नंबर मोठ्याने म्हणत आणि मगच बस सुटे. सेन्सेईंचा नंबर अकरा होता, अनघाचा बारा, नोमुरा-सानचा तेरा.

"पण कुराता-सान..."

"कुरातालाही मीच शिकवलंय. मी सांगते त्याला."

सकाळी टॅक्सी आली. अनघाने देवघरातल्या उदबत्तीचा पुडा त्यांच्या पिशवीत ठेवला. "तुमची उदबत्ती असेलच. पण ही माझ्याकडून, तुमच्या धाकट्या आजोबांना."

सेन्सेईंनी पुडा नाकाशी नेला. "अरे, हा तर तुमच्या दाराचा वास," त्या म्हणाल्या आणि नोमुरा-सानच्या कोपराला धरून टॅक्सीत बसल्या. अर्धी पायरी पुढे राहून, कड आल्यावर बोलून, नोमुरा-साननी त्यांना अगदी बरोबर बसवलं. अनघाला रडायला आलं ते टॅक्सी वळल्यावर. पण त्या रडण्यात दुःख फार नव्हतं. आपल्याला या परक्या मुलखात काय काय मिळालं, ते त्या टॅक्सीत मावत नव्हतं म्हणून ती रडली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचला ऑफिसात तिचा मोबाइल वाजला. माल्टात तेव्हा सकाळचे दहा. बाकीचे तिघे आपापल्या टेबलावर मान खाली घालून बसले होते. तिथे कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे. स्क्रीनवर आधी ऊन दिसलं, मग मधाच्या रंगाचा दगड, मग फार जवळून सेन्सेईंचं कपाळ.

"अनागा-सान, दिसते का मी?"

"दिसताय. कपाळ दिसतंय."

"फाटकापासून एकशे बारा पावलं लिहिलीस. मी मोजली. एकशे अठरा झाली."

"तुमची पावलं लहान आहेत, सेन्सेई."

"तेच नोमुरा-सान म्हणाले." फोन कुणीतरी त्यांच्या हातातून घेऊन नीट धरला. आता त्या पुऱ्या दिसल्या. उन्हात डोळे बारीक केलेल्या, एक हात दगडावर टेकवलेला. खाली दोन उदबत्त्या जळत होत्या, एक बारीक हिरवी आणि एक जाड काळी. "भेटला," त्या म्हणाल्या. "तुला काय सांगू, दगड कोमट आहे. मला वाटलं होतं गार असेल." मग दगडाकडे तोंड करून, वर्गात नवीन मुलाची ओळख करून द्यावी तशा त्या म्हणाल्या, "ही अनागा-सान. हिने रस्ता सांगितला म्हणून आले."

अनघाने वाकून नमस्कार केला, फोनला.

मागून कुराता-सानचा आवाज आला. बस थांबली होती, निघायला हवं होतं. "नंबर!"

एक, दोन, तीन, असे म्हाताऱ्या गळ्यांतले जपानी आकडे एकामागून एक येऊ लागले. कुणाचा बारीक, कुणाचा घोगरा. आठ. नऊ. दहा. मग जवळून, शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात, "जूइची!" अकरा.

आणि मग ते थांबले. फोनच्या पडद्यावर म्हातारी माणसं उन्हात रांगेने उभी होती. सेन्सेई आणि नोमुरा-सान यांच्यामध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी होती. कुणीच ती भरून काढत नव्हतं. सगळे फोनकडे बघत वाट पाहत होते.

अनघा खुर्चीवरून उठली. ताठ उभी राहिली. अकरा वर्षांत त्या ऑफिसात तिने कधी आवाज चढवला नव्हता.

"जूनी!" बारा.

तिन्ही टेबलांवरच्या माना वर झाल्या. फोनमधून लगेच नोमुरा-सान गरजले, "जूसान!" आणि त्यांच्या पुढचं कुणीतरी, "जूयोन!"

"चौदा," कुराता-सान म्हणाले. "सगळे आहेत. चला, निघू या."

अनघाने नकळत खुर्चीवरची पर्स उचलून खांद्याला लावली.